झोप न लागणारी वेल

मार्च-एप्रिलमध्ये इथल्या सुपरमार्केटात बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांचा डबा उचला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे भारत लिहिलेलं असतं, आणि हा भारत म्हणजे बहुधा आपला नाशिक जिल्हा: निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत. आपलं हेर्त्सोगेनआउराख तसं बिअरच्या आणि कार्प माशांच्या मुलखातलं. पण पश्चिमेला तासभर गाडी हाकली की कास्टेल, इफोफेन ही फ्रँकोनियाची द्राक्षगावं लागतात. मार्चमध्ये तिथे जाऊन बघा. वेलींवर एक पान नसतं, नुसत्या काड्या. झाड तेच, महिना तोच. तिकडे घड उतरताहेत आणि इकडे अजून डोळे मिटलेले.

द्राक्षवेल हे मुळात हिवाळ्यात झोपणारं झाड. थंडी पडली की पानं गळतात, जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. वर्षाला एक छाटणी, एक पीक. कास्टेलच्या सरदारांनी 1659 च्या एप्रिलमध्ये सिल्वानर या जातीची अवघी 25 रोपं लावल्याची नोंद आहे, आणि आज सिल्वानर म्हटलं की फ्रँकोनियाचंच नाव निघतं. (त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.)

दख्खनला अशी थंडी नाही. तिथे वेल झोपतच नाही, बारा महिने वाढत राहते. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात. त्याला ते नवल वाटलं. शेतकऱ्याला मात्र त्यातली मेख माहीत होती: पहिल्या बहराची फळं ऐन पावसाळ्यात यायची, आंबट राहायची, कुजायची. गोड काय ते हिवाळ्यानंतरचं.

म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या आल्या, पण पीक एकच. एप्रिलमध्ये खरड छाटणी. नावाप्रमाणेच वेल खरडून काढायची, फळाची अपेक्षा नाही. उन्हाळ्याच्या उन्हात नव्या काड्या तयार होतात आणि पुढच्या हंगामाचा घड त्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच ठरून जातो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी. थंडीने जे काम करायचं ते इथे कात्री आणि औषध करतं: सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. साधारण चार महिन्यांनी माल तयार. झोप नाही तर नाही, झोपेचं सोंग तरी!

यातली बरीच विद्या बागांमध्येच वाढली. तासगावकडची तास-ए-गणेश किंवा सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका या जाती प्रयोगशाळेत जन्मल्या नाहीत; शेतकऱ्यांनी आपल्याच बागेत वेगळी दिसलेली काडी हेरली, जपली आणि वाढवली. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं ते पुष्कळ नंतर, 1997 साली.

त्याच 1997 साली राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली. त्यातून 'सुला' उभी राहिली. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी त्याआधीच फेसाळ वाइन काढून दाखवली होती. 2001 मध्ये राज्य सरकारचं धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. ज्याच्या-त्याच्या तोंडी वाइन. माझ्या मामांनीही एक एकर थॉमसन काढून कॅबर्ने लावली.

खरं तर वाइनच्या द्राक्षाची अडचण पहिल्या दिवसापासून दिसत होती. बारीक मणी, जाड साल, आत बिया. कारखान्याने उचललं नाही तर ते ना बाजारात विकतं, ना त्याचा चांगला बेदाणा होतो. 2008 च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइन टाक्यांमध्येच राहिली. 2009 साली इकडे फ्रँकोनियात सिल्वानरची 350 वर्षं साजरी होत होती आणि तिकडे नाशिकला लोक वाइनच्या बागा तोडत होते. मामांनी वेली बुंध्याशी कापल्या, मुळं ठेवली आणि त्या खुंटावर पुन्हा खायच्या द्राक्षाची कलमं केली. कॅबर्नेच्या काड्या त्या वर्षी चुलीत गेल्या.

लगेच 2010 चा हंगाम निर्यातीच्या मुळावर आला. खरड छाटणीनंतर वेल नुसती पानोऱ्याने माजू नये म्हणून शेतकरी लिहोसिन फवारायचे. म्हणजे क्लोरमेक्वाट. त्याचे अंश महिन्यांनंतरच्या द्राक्षात सापडले. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, आणि रॉटरडॅम बंदरात कंटेनर अडकले. युरोपचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, खाणारे आपणच आहोत. पण बिल शेवटी बागायतदाराच्या नावावर पडलं, आणि औषध विकणाऱ्याच्या दुकानावर कोणी गेलं नाही. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, माल निघण्याआधी नमुने तपासले जातात.

इकडचीही झोप आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. हिवाळा उबदार गेला की डोळे लवकर फुटतात आणि मग उशिराचं दव गोठून कोवळी फूट करपते. 2024 च्या एप्रिलमध्ये फ्रँकोनियात एका-दोन रात्रींत तेच झालं. मी मामांना फोनवर सांगितलं. ते खरड छाटणीच्या गडबडीत होते. म्हणाले, "अरे, मग त्यांना म्हणावं, दुसरी फूट काढा. वेल आहे ती, फुटंल."

पुढच्या भागात बेदाण्याबद्दल, म्हणजे तासगावला जाऊ. तोवर नमस्कार.