निवडुंगाचे माहेर

मंडळी, बांधावरचा फड्या निवडुंग आपल्याला इथलाच वाटतो. पण त्याचे माहेर दूर, मेक्सिको-कॅरिबियनकडच्या वालुकामय किनाऱ्यावर. तिथे त्याचा रस शोषणारे किडे आहेत, म्हणून तो आवरात राहतो. आपल्याकडे वैरीच नव्हता. फडा पडेल तिथे मूळ धरी. रानेच्या राने अडली.

१७९५ साली कॅप्टन नीलसनने लाल रंगासाठी ब्राझीलहून कोचिनील किडा कलकत्त्यास आणला. रंग हलका निघाला, मात्र निवडुंगाची एक जात किड्याने फस्त केली. फड्याला तो शिवेना. १९२६ साली श्रीलंकेतून त्याचा भाऊबंद आणला, तेव्हा कुठे दक्षिण भारतातली जमीन मोकळी झाली.

गुरुजी, मुलांना एवढे अवश्य सांगा : परके झाड आणावे, तर आधी त्याच्या माहेरची चौकशी करावी.