कुर्बानीचा बकरा गाडीतून आणताना: हौद्याचा तळ कसा असावा?

बकरी ईद जवळ आली की अजिंठा-सिल्लोड रस्त्यावर छोटा हत्ती आणि पिकअपमधून बकरे येताना दिसतात. बकरा घेताना आपण दात बघतो, कान-शिंगं बघतो, चार पावलं चालवूनही बघतो. मग तोच बकरा गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर उभा करून घरी आणतो. पारख केलेलं जनावर बिघडतं ते याच प्रवासात.

ही बाब फक्त पैशाची नाही. उघडपणे लंगडणाऱ्या जनावराची कुर्बानी होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. हनफी मसल्यानुसार ज्याच्यावर कुर्बानी वाजिब आहे, त्याचं जनावर खरेदीनंतर पाय टेकवता येणार नाही इतकं लंगडं झालं, तर त्याला दुसरं जनावर द्यावं लागतं. शिवाय जनावराला विनाकारण त्रास होऊ न देणं ही आपली जबाबदारी आहेच.

बकरा घसरतो कशामुळे?

बकऱ्याचा खूर दोन फाकांचा असतो. कडा टणक, आतला भाग मऊ. खडकावर, मातीवर हा खूर छान पकड घेतो. लोखंडी पत्र्यात मात्र त्याला रुतायला जागा नसते. त्यावर लघवी आणि लेंड्या पडल्या की पत्रा निसरडा होतो. अजिंठ्याहून फर्दापूरकडे घाट उतरताना सगळे बकरे केबिनच्या बाजूला रेटले जातात, चढताना मागच्या फाळक्यावर. एक पडला की बाकीचे त्याच्या अंगावर येतात.

ऋतूचाही विचार करा. 2024 मध्ये ईद 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. या दिवसांत दुपारी पत्रा तापलेला असतो आणि संध्याकाळी पावसाची सर आली तर ओला होतो. दोन्ही वाईट.

कायदा काय सांगतो?

1978 च्या जनावर वाहतूक नियमांत शेळ्या-मेंढ्यांच्या सहा तासांपेक्षा जास्त प्रवासासाठी तळावर किमान 5 सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच, काड किंवा तसंच मऊ साहित्य अंथरायला सांगितलं आहे. प्रवास छोटा असला तरी हे पाळणं फायद्याचंच. म्हशींसारख्या मोठ्या जनावरांसाठी साध्या मालगाडीत काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या असं न घसरणारं साहित्य लागतं आणि एका गाडीत सहापेक्षा जास्त जनावरं चालत नाहीत.

मोटार वाहन नियमांत 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर जागा हवी. म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट. हौदा 7 बाय 5 फुटांचा असेल तर हिशेब दहा बकऱ्यांचा. पंधरा कोंबले तर कोणतीही मॅट उपयोगाची नाही.

काय अंथरावं?

*रबर मॅट:* गोठ्यात वापरतात तीच. सर्वांत चांगला पर्याय. वरून खडबडीत आणि खालून खाचा असलेली घ्या, म्हणजे लघवी खालून निघून जाते. गुळगुळीत रबर ओलं झालं की पत्र्यासारखंच घसरतं.

*काथ्याची चटई:* पकड चांगली, पण भिजली की जड होते आणि वास धरते. एका फेरीसाठी ठीक.

*चेकर्ड प्लेट:* नक्षीचे उंचवटे झिजले की उपयोग कमी होतो आणि उन्हात तापते ती तापतेच. वर मॅट हवीच.

*वाळू:* पकड देते, पण 7 बाय 5 च्या हौद्यात दोन इंचाचा थर अडीचशे किलोच्या आसपास जातो. तेवढं ओझं गाडीवर वाढतं.

*नुसतं काड किंवा गोणपाट:* उघड्या पत्र्यावर हे स्वतःच सरकतं आणि बकऱ्यालाही घेऊन सरकतं. काड मॅटवरच टाकावं.

लाकडी पट्ट्यांमध्ये किंवा जाळीत फटी ठेवू नका. बकऱ्याचा खूर लहान असतो, फटीत अडकला की पाय मोडतो.

कसं बसवावं?

1. हौदा धुऊन पूर्ण वाळवा. वर आलेले खिळे, बोल्टची डोकी, फाटलेला पत्रा आधी नीट करून घ्या.
2. आतली लांबी-रुंदी मोजा आणि मॅट चारही बाजूंना भिडेल अशी कापा.
3. दोन-तीन तुकडे केले तर काढायला आणि धुवायला सोपं जातं. जोड मात्र गच्च बसले पाहिजेत, कड उचललेली नको.
4. गाडी स्वतःची असेल तर कडांवर लोखंडी पट्टी ठेवून बोल्टने आवळा, डोकी वर येऊ देऊ नका. भाड्याच्या गाडीत भोकं पाडता येत नाहीत. तिथे मॅट केबिनपासून फाळक्यापर्यंत गच्च बसेल अशी कापा. फाळका लावल्यावर ती हलता कामा नये.
5. पाणी बाहेर जायची भोकं बुजवू नका.
6. वर दोन इंच गव्हाचं काड किंवा कडब्याची कुट्टी पसरा.
7. चढ-उताराच्या फळीवर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोका. बरेच बकरे गाडीत नाही, उतरताना घसरतात.

निघण्याआधी तपासा

काड टाकण्याआधी मॅटवर बादलीभर पाणी ओता आणि उभ्या गाडीत स्वतः चालून बघा. पायाने जोरात रेटा. तुमचा पाय सरकला तर बकऱ्याचाही सरकणार. पाय बांधून बकरा आडवा टाकणं हा उपाय नाही, नियमांतही पाय बांधायला मनाई आहे. ड्रायव्हरला सांगा की घाटात गाडी सावकाश घ्या, एकदम ब्रेक नको.

मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एक मॅट घेतली तरी पुरते. ईदनंतर धुऊन, वाळवून गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षी कामाला येईलच, आणि मधल्या काळात कुणाची म्हैस किंवा आजारी शेळी दवाखान्यात न्यायची झाली तर तेव्हाही.