गोडसे भटजींची झाशी

एकोणिसाव्या शतकात कोकणातले भिक्षुक दक्षिणेसाठी दूरदूर जात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये असेच निघाले. घरी कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता कानावर आली होती. काका रामभट बरोबर होते. महूच्या आसपास त्यांना इंग्रजांविरुद्धच्या बंडाने गाठले आणि यज्ञाचा बेत मागे पडला.

भटकत ते झाशीला पोचले. राज्यकर्ते नेवाळकर मूळचे कोकणातलेच, त्यामुळे परमुलखातही आश्रय मिळाला. राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या, वाड्यातला पोथ्यांचा संग्रह, १८५८ च्या वसंतातला इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा आणि नंतरची लूट व कत्तल त्यांनी जवळून पाहिली. इतिहासकाराची शिस्त त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात सनावळीच्या चुका आहेत, ऐकीव गोष्टीही आहेत. पण शहरातल्या साध्या माणसांचे हाल सरकारी कागदांपेक्षा इथेच नीट कळतात.

मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला. घरी पोचली ती गंगाजलाची कावड. 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये, बऱ्याच फेरफारांसह, छापले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली.