संगणकाचे कंचेभागुबेव

मराठी शाळेत शिकलेला माणूस ‘कंचेभागुबेव’ सहसा विसरत नाही. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पदावली सोडवताना कोणती क्रिया आधी करायची, हे सांगणारे हे पाठांतराचे सूत्र. त्यामुळेच २ + ३ × ४ याचे उत्तर २० नसून १४, हे मुलाला झटकन सांगता येते. पण सूत्र अक्षरशः पाळले, तर फसगतही होते. १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी उरकली तर ५ उरतात. खरे उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर बसतात, त्या डावीकडून उजवीकडे करत जायच्या, हे सूत्रात कुठेच नाही. ते गुरुजींनी फळ्यावर वेगळे समजावलेले असते.

यंत्राला हे समजावणारे गुरुजी कोण, याचा इतिहास जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे.

सुरुवातीच्या संगणकांना पदावली कळतच नसे. हा आकडा उचल, तो त्यात मिळव, उत्तर अमुक जागी ठेव, अशी एकेक आज्ञा माणसाने लिहून द्यायची. सूत्राची फोड करण्याचे काम माणसाच्या डोक्यात आणि कागदावर होई. ते यंत्रावर सोपवता येईल, हे झुरिकच्या हाइन्झ रुटिसहाउझर यांनी १९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच दाखवले. सर्वांत आतला कंस शोधायचा, तेवढा सोडवायचा, त्याच्या जागी उत्तर ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू करायचा, अशी त्यांची रीत. ती बिनचूक होती, पण एकच ओळ यंत्राला पुन्हापुन्हा चाळावी लागे.

अमेरिकेत आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ साली फोरट्रान भाषेचा आराखडा मांडला आणि १९५७ मध्ये ती आयबीएम ७०४ या यंत्रासाठी प्रत्यक्षात आली. ‘सूत्राचे भाषांतर’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांतून तिचे नाव घडले आहे. त्यातील पदावलींचा भाग पीटर शेरिडन यांनी सांभाळला, आणि तिथे वापरलेली युक्ती आजही पाहणाऱ्याला थक्क करते. प्राधान्य वगैरे काही यंत्राला समजवायचेच नाही, फक्त चिन्हांच्या जागी कंस पेरत जायचे! ओळीच्या आरंभी (( आणि शेवटी )) लिहायचे. जिथे + दिसेल तिथे ))+(( आणि जिथे × दिसेल तिथे )×( ठेवायचे. आता २ + ३ × ४ घ्या. ते होते ((२))+((३)×(४)). गुणाकाराभोवती आपोआप कुंपण पडले आणि बेरीज बाहेर राहिली. भाराभर अनावश्यक कंस येतात हे खरे, पण उत्तर चुकत नाही. डोळे मिटून केलेल्या अदलाबदलीतून बरोबर अर्थ निघावा, ही गोष्ट कोणत्याही मोठ्या सिद्धांताइतकीच सुंदर आहे.

म्युनिकमध्ये विचार वेगळ्या दिशेने चालला होता. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२४ मध्ये कंसांशिवाय सूत्रे लिहिण्याची पद्धत काढली होती. तिच्यात चिन्ह आधी येते आणि ज्यांवर क्रिया करायची ते घटक नंतर. अशी सूत्रे तपासणारे यंत्र रचताना फ्रिड्रिख बाउअर यांना एक गोष्ट जाणवली: अर्धवट राहिलेले काम बाजूला ठेवायला यंत्राला जागा हवी, आणि शेवटी ठेवलेले सर्वांत आधी निघायला हवे. जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. खालचे मडके हवे असेल, तर वरची उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी या कल्पनेला जर्मनमध्ये ‘केलर’, म्हणजे तळघर, म्हटले आणि १९५७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज सारे जग तिला स्टॅक म्हणते. रुटिसहाउझर यांच्या रीतीतली पुन्हापुन्हा चाळणी त्यामुळे संपली. पदावली एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचली की पुरे.

तीच उतरंड ॲमस्टरडॅमच्या एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी रेल्वेच्या यार्डात नेऊन उभी केली. याप झोनेव्हेल्ड यांच्यासह १९६० साली त्यांनी एक्स-१ या डच संगणकासाठी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर, म्हणजे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा प्रोग्राम, पुरा केला आणि पुढच्या वर्षी त्यातील पद्धत अहवालात मांडली. तिचे इंग्रजी नाव शंटिंग यार्डावरूनच पडले. आकडे हे सरळ रुळावरून पुढे जाणारे डबे. चिन्हांना मात्र आधी बाजूच्या सायडिंगवर थांबावे लागते. २ पुढे जातो, + सायडिंगवर. ३ पुढे जातो. मग × येतो. तो + पेक्षा वरचढ, म्हणून + ला हलवत नाही, त्याच्या पुढे उभा राहतो. ४ गेला की सायडिंग रिकामे होते: आधी ×, मग +. पलीकडे जुळलेली गाडी: २ ३ ४ × +. समजा, × ऐवजी आणखी एक + किंवा − आला असता, तर आधीच्या + ला त्याने आधी बाहेर काढले असते. फळ्यावरचा तो ‘डावीकडून उजवीकडे’ नियम इथे वेगळा सांगावा लागत नाही. समान पायरीच्या चिन्हाने आधीच्याला वाट द्यायची, एवढ्यात तो आला.

पण गुणाकाराला हा मान हवाच का? सर्वांनी तो मान्य केला नाही. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये क्रियांची चिन्हे इतकी की त्यांची उतरती भाजणी कोणी लक्षात ठेवावी? म्हणून तिथे सगळी चिन्हे समान आणि वाचन उजवीकडून: ३ × ४ + ५ म्हणजे २७. स्मॉलटॉकमध्येही चिन्हे समानच, मात्र वाचन डावीकडून: ३ + ४ × ५ म्हणजे ३५. दोन्ही भाषा आपल्या नियमाशी प्रामाणिक आहेत, दोन्ही चालतात. क्रियांचा क्रम हा निसर्गनियम नसून ठरवलेली रूढी आहे, याचा याहून चांगला पुरावा सापडणार नाही.

आणि रूढी एकदा पडली की ती मोडणे किती कठीण, हे सी भाषेने दाखवले. सीची पूर्वज बी. तिच्यात & हे एकच चिन्ह दोन कामे करी: संख्यांमधले बिट जुळवणे आणि दोन अटी ‘आणि’ने जोडणे. अटी जोडायच्या तर == ही समानतेची तुलना आधी व्हायला हवी, म्हणून & ला खालची पायरी मिळाली. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी घडवत असताना अटींसाठी && हे वेगळे चिन्ह आले. आता & ला वर सरकवायला हरकत नव्हती. पण तो जागच्या जागी राहिला, आणि ‘अ & ब == ०’ असे लिहिले की यंत्र आधी ब ची शून्याशी तुलना करू लागले. लिहिणाऱ्याच्या मनात जवळजवळ नेहमीच उलटे असते. हा क्रम बदलला असता तर बरे झाले असते, असे रिची यांनी १९८२ साली स्वतः मान्य केले. सी घडवताना भीती वाटली ती आधीच लिहून ठेवलेल्या काही शे किलोबाइट मजकुराची. आणि ही भाषा त्या वेळी चालत होती फार तर तीन ठिकाणी.

दरम्यान, १९७३ मध्ये व्हॉन प्रॅट यांनी प्रत्येक चिन्हाला ओढीचे बळ देऊन पदावली वाचण्याची आटोपशीर रीत सुचवली. वाचण्याचे तंत्र सुधारत गेले, सीचा क्रम मात्र हलला नाही. तो सी++, जावा, जावास्क्रिप्ट आणि सी# या भाषांनी वारशाने घेतला; पायथन, गो आणि रस्ट यांनी तो नाकारला आणि & ला == च्या वर बसवले. सीमध्ये आज कोणी ‘अ & ब == ०’ लिहिले आणि इशारे चालू ठेवले, तर जीसीसी कंपायलर त्या तुलनेभोवती कंस घालण्याची सूचना करतो.