कलावंत आणि राष्ट्रीय सन्मान : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली की, एक जुना आक्षेप नव्याने पुढे येतो. सैनिक, वैद्यक, शिक्षक यांनी देशासाठी आयुष्य वेचावे आणि पदके मात्र नट-गायकांच्या वाट्याला यावीत, हे न्याय्य आहे काय? या आक्षेपामागील भावना प्रामाणिक असली, तरी त्याचे उत्तर केवळ भावनेच्या आधारे देता येत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

किताब आणि सन्मान

ब्रिटिश राजवटीत 'रावसाहेब', 'रावबहादूर', 'सर' हे किताब राजनिष्ठेचे मोल म्हणून दिले जात. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी 'सर' या किताबाचा त्याग केला. १९२० च्या असहकार आंदोलनात किताब परत करणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग झाला. हा अनुभव जमेस धरूनच संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व शैक्षणिक मानचिन्हे वगळता राज्याने कोणताही किताब देण्यास मनाई केली.

२ जानेवारी १९५४ रोजी 'भारतरत्न' व 'पद्मविभूषण' हे सन्मान स्थापन झाले, तेव्हा ते या अनुच्छेदाशी विसंगत आहेत काय, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते. आचार्य कृपलानी यांनी १९६९ मध्ये हे सन्मान रद्द करण्यासाठी लोकसभेत विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. जनता पक्षाच्या शासनाने १९७७ मध्ये ते बंद केले. १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. अखेर १५ डिसेंबर १९९५ रोजी बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हे सन्मान किताब नाहीत. मात्र ते नावाच्या आधी वा नंतर जोडता येणार नाहीत. निमंत्रणपत्रिकांवर आणि फलकांवर कलावंतांच्या नावाआधी आजही सर्रास छापले जाणारे 'पद्मश्री' हे विशेषण या निर्णयाशी विसंगत ठरते.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. १९५४ च्या मूळ नियमांत 'भारतरत्न'साठी कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा ही क्षेत्रे नमूद होती. कलेचा उल्लेख त्यात प्रथम होता. म्हणजेच कलावंत या व्यवस्थेत मागाहून घुसलेला नाही. तरीही केवळ कलेतील कार्यासाठी हा सन्मान मिळण्यास सत्यजित राय यांच्या रूपाने १९९२ साल उजाडावे लागले.

डॉ. कोटणीस आणि व्ही. शांताराम

उपरोक्त आक्षेपाचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापूरचेच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर रणभूमीजवळ शस्त्रक्रिया करीत ते तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट निर्माण केला, दिग्दर्शित केला आणि त्यात डॉ. कोटणीसांची भूमिकाही केली. शांतारामांना पुढे १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. डॉ. कोटणीसांच्या नावावर असा कोणताही राष्ट्रीय सन्मान नाही.

वरवर पाहता हा उघड अन्याय वाटतो. परंतु कालक्रम तपासल्यास चित्र बदलते. डॉ. कोटणीस निवर्तले तेव्हा देश परतंत्र होता आणि स्वतंत्र भारताचे सन्मान अस्तित्वात येण्यास अकरा वर्षे अवकाश होता. पद्म सन्मान सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत. तेव्हा डॉक्टरांचा सन्मान नटाने हिरावला, असे म्हणता येत नाही. उलट, चीनमध्ये त्यांचे स्मरण तेथील शासनाने जपले, तर भारतात त्यांचे नाव सामान्य माणसापर्यंत नेण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. कलावंताचे कार्य हे समाजाची स्मृती घडविणारे असते, हे यावरून स्पष्ट होते.

विठाबाई नारायणगावकर

दुसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूर येथे, मातंग समाजातील तमाशा कलावंतांच्या कुटुंबात झाला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांताच्या शासनाने तमाशावर बंदी घातली आणि पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठविली. जी कला काही काळापूर्वी निषिद्ध ठरली होती, तिच्याच या कलावतीला १९५७ मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये तो पुन्हा लाभला. १९६२ च्या युद्धकाळात त्यांनी सीमेवरील जवानांसमोर कला सादर केली. तरीही अखेरची वर्षे त्यांना हलाखीत काढावी लागली आणि रुग्णालयाचा खर्चही देणगीदारांच्या मदतीतून भागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच राज्य शासनाने त्यांच्या नावे तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

'गावगाड्यात' ज्यांचे स्थान सर्वांत खालचे, अशा समाजातील स्त्रीला राष्ट्रपती भवनाने गौरवावे, याचे मोल निश्चितच मोठे आहे. त्या एका कृतीने बहिष्कृत कलेला प्रतिष्ठा मिळते. परंतु पदकाने चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'कलावंत सन्मानास पात्र आहेत काय?' हा प्रश्नच काहीसा चुकीच्या रीतीने मांडला जातो. कलावंत म्हणून कोणी पात्र वा अपात्र ठरत नाही. ज्याच्या कलेने समाजाची स्मृती जागविली, अथवा उपेक्षितांच्या कलेला मान मिळवून दिला, त्याचा सन्मान रास्त आहे. केवळ लोकप्रियतेला तो मिळाल्यास आक्षेपही रास्त ठरतो, कारण लोकप्रियतेचा मोबदला बाजार आधीच देत असतो.

सोलापूरच्या रंगकर्मींना परिचित असलेल्या नाट्यगृहाचे नाव 'हुतात्मा स्मृती मंदिर' असे आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 'हुतात्मा' ही पदवी कोणत्याही शासनाच्या राजपत्राने नव्हे, तर लोकांनी दिली. हुतात्म्यांच्या नावाच्या छताखाली कलावंत उभा राहतो, यात या शहराला कधी विसंगती वाटलेली नाही. राष्ट्रीय सन्मानांच्या निवडीतही त्याग आणि कला यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी न मानता, प्रत्येकाच्या कार्याचे मोजमाप स्वतंत्रपणे व्हावे आणि सन्मानित कलावंताच्या वार्धक्याची जबाबदारी त्या सन्मानाचाच भाग मानली जावी, एवढीच अपेक्षा या इतिहासातून व्यक्त होते.