खांदेरी आणि उंदेरी : एका विजयाची दुसरी बाजू

१/
कांदिवलीच्या पूर्वेकडील टेकड्यांत दिसणारा काळा कातळ आणि थळच्या समुद्रातील खांदेरी-उंदेरीचा कातळ, ही एकाच ज्वालामुखी उद्रेकपर्वाची अपत्ये आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. पुढे समुद्राने किनारा कातरला आणि त्या थरांचे काही तुकडे पाण्यात एकाकी उभे राहिले. ही बेटे म्हणजे ज्वालामुखीची मुखे नव्हेत. ते लाव्हाचे अवशेष आहेत.

२/
मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर ही जोडी आहे. खांदेरी मोठी आणि किनाऱ्यापासून दूर. उंदेरी लहान आणि किनाऱ्याच्या जवळ. हे अंतर ध्यानात ठेवावे, कारण पुढील ऐंशी वर्षांचे राजकारण त्याच्याभोवतीच फिरले.

३/
प्रथम १६७९ सालचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. मुंबई इंग्रजांकडे. आजचे कांदिवली ज्या साष्टी बेटावर आहे, ते पोर्तुगीजांकडे. दक्षिणेस जंजिरा सिद्दीकडे, आणि सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावच्या आश्रयाला येई. मुंबई आणि जंजिरा यांच्यामधील जलमार्गावर नजर ठेवायची, तर खांदेरीसारखी जागा नाही.

४/
शिवाजी महाराजांनी १६७२ मध्येच खांदेरीवर तटबंदीचा प्रयत्न केला होता. इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो थांबला. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांसह बेटावर उतरला आणि काम पुन्हा सुरू झाले. इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला. मराठ्यांनी दगड रचणे थांबवले नाही.

५/
सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात इंग्रजांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. इंग्रजांनी नाकेबंदी केली, तरी रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या. मोठ्या जहाजांना तेथे पाठलाग करणे जमेना. लहान होडी हीच त्या उथळ पाण्यातील मोठी शक्ती ठरली.

६/
१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजी ताफ्यावर हल्ला केला. ‘डोव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि इतर अनेक नौका पळाल्या. परंतु कॅप्टन मिंचिन आणि कीग्विन ज्या ‘रिव्हेंज’वर होते, ती तग धरून राहिली आणि मराठी आरमारास मागे हटावे लागले. हा उत्तरार्ध सांगितल्याने पराक्रम उणा होत नाही. लढाईचा खरा निकाल त्या दिवशी समुद्रावर लागलाच नव्हता. तो बेटावर चढत जाणाऱ्या तटाने लावला.

७/
तो तट आजही वाचता येतो. बेटाच्या कडेला मोठमोठे दगड टाकलेले आहेत आणि त्यांच्यामागे चुन्याविना रचलेली भिंत आहे. फटी असल्यामुळे लाटेचे पाणी आत शिरून ओसरते आणि तिचा जोर विभागला जातो. त्या निसरड्या, टोकदार दगडांवर होडी लावून शत्रूला उतरणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

८/
आता उंदेरीकडे वळू. खांदेरी हटत नाही, हे पाहून सिद्दी कासमने जानेवारी १६८० मध्ये शेजारची ही चिमुकली खडकाळ जागा व्यापली आणि तिची तटबंदी सुरू केली. दौलतखानाने किनाऱ्यावरून तोफा डागल्या, हल्ला केला आणि तो स्वतः जखमी झाला. उंदेरी मिळाली नाही. इंग्रजांनी मात्र खर्चाचा हिशोब मांडून माघार घेतली.

९/
३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा खांदेरी स्वराज्यात होती आणि उंदेरी शत्रूकडे. त्याच वर्षी संभाजी महाराजांच्या काळात उंदेरीवर झालेला प्रयत्नही अयशस्वी ठरला. मोठ्या बेटावर मराठ्यांची चौकी. तिच्यावर डोळा ठेवणारी सिद्दीची चौकी मात्र किनारा आणि खांदेरी यांच्या मधोमध. विजय खराच होता, परंतु पूर्ण नव्हता.

१०/
पुढे आंग्र्यांच्या काळात खांदेरी अधिक बळकट झाली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर मोहीम काढली, ती फसली. उंदेरी मात्र थेट १७५९-६० मध्ये मराठ्यांकडे आली. १६८० पासून मोजले, तर जवळपास ऐंशी वर्षे! १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, आणि दोन्ही बेटांचा लष्करी इतिहास मिटला.

११/
आज खांदेरीवर १८६७ चे दीपगृह आहे, कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे आणि आघात केल्यास धातूसारखा नाद देणारा एक खडक आहे. तो खडक वाजवून पाहण्याचा मोह प्रत्येकास होतो. परंतु प्रत्येक ठोक्याने त्याचा कणकण झिजतो. हा राज्य-संरक्षित दुर्ग आहे. त्याच्या दगडाला कान द्यावा, घाव घालू नये.

१२/
जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरी त्यांपैकी एक. भारतीय नौदलाची ‘आयएनएस खांदेरी’ ही पाणबुडी २०१९ पासून सेवेत आहे. खांदेरीचे नाव असे अजरामर झाले. उंदेरी त्या बारा दुर्गांत नाही. तिचे बुरूज झाडोऱ्यात आहेत, आणि होडीतून उतरणेही भरती-ओहोटीच्या मर्जीवर.

१३/
वारसा जपताना आपण बहुधा जिंकलेली जागा निवडतो. परंतु खांदेरी इतकी मोलाची का होती, हे शत्रूच्या उंदेरीवरूनच कळते. जी जागा आपल्या हाती येऊ नये म्हणून सिद्दीने इतकी वर्षे झुंज दिली, ती पडझडीला सोपवली, तर उरलेल्या तटाचा अर्थही अर्धाच उरेल.

१४/
थळला जाणाऱ्यांसाठी इतकेच : पावसाळा टाळावा, स्थानिक कोळ्यांचा सल्ला शिरोधार्य मानावा आणि खांदेरीवर उतरण्यासाठी आवश्यक परवानगीची चौकशी आधी करावी. खांदेरीच्या तटावर उभे राहिलात की प्रथम किनाऱ्याकडे पाहा. मध्ये उंदेरी दिसेल. १६८० सालच्या किल्लेदाराला रोज सकाळी तेच दिसत होते.