रक्स शर्की

ईजिप्त व पूर्व भूमध्य सागरी प्रदेशातील एक एकल नृत्यप्रकार. भारतात व पाश्चात्त्य देशांत तो ‘बेली डान्स’ या नावाने अधिक परिचित आहे. ‘रक्स शर्की’ या अरबी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘पूर्वेकडील नृत्य’ असा असून ती मुख्यतः रंगमंचीय रूपास उद्देशून वापरतात. लग्नकार्ये व कौटुंबिक समारंभ यांतून केल्या जाणाऱ्या साध्या रूपास ‘रक्स बलदी’ म्हणजे ‘देशी नृत्य’ म्हणतात. इंग्रजी नाव एकोणिसाव्या शतकातील ‘दान्स द्यू व्हाँत्र’ (उदरनृत्य) या फ्रेंच शब्दप्रयोगावरून आले. ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. कारण या नृत्यात पोटाइतक्याच, किंबहुना अधिकच, नितंब, छाती, खांदे आणि बाहू यांच्या हालचालींना महत्त्व असते. एक अवयव हलत असताना उरलेले शरीर स्थिर राखणे आणि वाद्यसंगीतातील बारकावे अंगविक्षेपांतून दृश्य करणे, ही या नृत्याची दोन प्रमुख लक्षणे होत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्स शर्की हा ईजिप्तबाहेरील असंख्य हौशी स्त्रियांच्या छंदाचा विषय बनला. त्याच्या इतिहासात एक विसंगती सतत आढळते. घरात मैत्रिणींसमवेत नाचणे ईजिप्शियन समाजाने नेहमीच स्वाभाविक मानले. मात्र त्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीकडे त्याने संशयाने पाहिले. परदेशी हौशी नर्तकीला जी कला आनंद व आत्मविश्वास देते, ती जतन करणाऱ्या व्यावसायिक नर्तकींना तिच्यापायी अप्रतिष्ठा सोसावी लागली. या नृत्याच्या जागतिक प्रसाराचा विचार करताना ही बाब दृष्टिआड करता येत नाही.

पूर्वपीठिका : रक्स शर्कीचा उगम प्राचीन मातृदेवतांच्या पूजाविधींत झाला, असे लोकप्रिय लेखनातून सांगितले जाते, तथापि तशा अखंड परंपरेचा पुरावा मिळत नाही. विश्वसनीय तपशील मिळतात ते मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. त्या काळी ईजिप्तमध्ये स्त्री-कलावंतांचे दोन वर्ग होते. ‘अवालिम’ (एकवचन ‘आलिमा’ म्हणजे विदुषी) या मुख्यतः गायिका असून श्रीमंतांच्या अंतःपुरात स्त्रियांसमोर त्या कला सादर करीत. ‘गवाझी’ या रस्त्यांवर, जत्रांतून व घरांच्या अंगणांतून नाचत. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईजिप्शियन समाजजीवनाविषयीच्या आपल्या ग्रंथात या दोन वर्गांतील भेद स्पष्ट केला आहे. स्त्रीवेषात नाचणाऱ्या पुरुषांचीही त्याने नोंद केली आहे. १८३४ मध्ये मुहम्मद अलीच्या शासनाने कैरोतील सार्वजनिक नर्तकींवर बंदी घालून त्यांना एस्ना, केना व आस्वान या दक्षिणेकडील गावी धाडले. गुस्ताव्ह फ्लोबेअर या फ्रेंच कादंबरीकारास १८५० मध्ये कुचुक हानेम ही नर्तकी भेटली, ती एस्ना येथेच. हद्दपारीमुळे या स्त्रियांचे हक्काचे गिऱ्हाईक तुटले आणि परदेशी प्रवाशांवरील त्यांचे अवलंबित्व वाढले. प्रवासवर्णनांतील ईजिप्शियन नर्तकीचे चित्र अशा विपन्नावस्थेत रेखाटले गेले आहे, याचे भान पुढील काळातील वाचकांस क्वचितच राहिले.

पॅरिस येथील १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारण्यात आली होती. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही तिची आवृत्ती उभारली गेली व तेथील नृत्यांना अमाप गर्दी लोटली. कंबर न आवळता केलेल्या कटिप्रदेशाच्या हालचाली त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकांस धक्कादायक वाटल्या. प्रदर्शनानंतर करमणुकीच्या जत्रांतून व स्वस्त नाट्यगृहांतून त्यांची भडक अनुकरणे सुरू झाली. उत्तान प्रदर्शन म्हणून या नृत्याची जी प्रतिमा पश्चिमेत रूढ झाली, तिचे मूळ अशा अनुकरणांत आहे.

कैरोतील रंगमंच : आधुनिक रक्स शर्की घडला तो कैरोतील संगीतगृहांत. बदिआ मसाब्नी (१८९२–१९७४) या मूळच्या लेव्हँटमधील कलावतीने १९२६ मध्ये कैरोत स्वतःचे रंगमंदिर सुरू केले आणि १९४० मध्ये ‘कॅसिनो ऑपेरा’ हे मोठे मनोरंजनगृह काढले. घरगुती नृत्य थोड्या जागेत, जवळजवळ एका ठिकाणी उभे राहून केले जाई. बदिआच्या रंगमंचावर नर्तकी सर्व जागा व्यापू लागली; बाहूंच्या हालचाली लांबरुंद झाल्या; बॅले व लॅटिन अमेरिकन नृत्यांतील पदन्यास त्यात मिसळले आणि साथीला मोठा वाद्यवृंद आला. टिकल्या-मण्यांनी मढविलेली चोळी, पट्टा व घेरदार घागरा हा आज ‘पारंपरिक’ समजला जाणारा पोशाखही मुख्यतः या रंगमंचीय काळातील आहे.

बदिआच्या तालमीतून सामिया गमाल (१९२४–९४) व ताहिया कारिओका (मृत्यू १९९९) या दोन श्रेष्ठ नर्तकी पुढे आल्या. सामियाचे नृत्य प्रवाही व मोकळे होते, तर ताहियाचे संयत, मोजक्या जागेत रेंगाळणारे. ईजिप्शियन बोलपटांनी या दोघींना, तसेच सर्कशीच्या घराण्यातून आलेल्या नाईमा आकिफ (१९२९–६६) हिला अरब जगताच्या घरोघरी पोचविले. गायक-संगीतकार फरीद अल्-अत्राश याच्या समवेत सामियाने केलेले हबीब अल्-ओम्र (१९४७) व अफ्रीता हानेम (१९४९) हे चित्रपट विशेष गाजले. पुढील पिढीतील सुहेर झाकी ही उम्म कुल्सूम (मृत्यू १९७५) या थोर गायिकेच्या गीतांवर नृत्य करण्यासाठी प्रसिद्ध झाली. दुसरीकडे, कैरोतील मुहम्मद अली मार्गावर पिढीजात वादक-नर्तकींची कुटुंबे लग्नसमारंभांच्या सुपाऱ्या घेऊन उपजीविका करीत होती. रंगमंचावरील अनेक कलावंतांची उमेदवारी याच वस्तीत झाली.

१९५२ च्या क्रांतीनंतर नर्तकींच्या पोशाखावर व अंगविक्षेपांवर अभ्यवेक्षणाचे निर्बंध आले. उघड्या पोटावर जाळीदार कापड घालणे भाग पडले. १९५९ मध्ये महमूद रेदा (१९३०–२०२०) याने स्थापन केलेल्या नृत्यसंस्थेने लोकनृत्यांचे संस्कारित रूप रंगमंचावर आणले. संस्थेची प्रमुख नर्तकी फरीदा फहमी ही अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाची कन्या होती. सुशिक्षित कुटुंबातील मुलीने रंगमंचावर नाचणे समाजास मान्य होऊ शकते, हे तिच्या उदाहरणाने दिसून आले. परंतु ही मान्यता ‘लोकनृत्य’ या नावाखाली मिळाली. रात्रीच्या मनोरंजनगृहांतील नर्तकीच्या वाट्यास ती आली नाही.

छंद म्हणून प्रसार : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० व १९६० च्या दशकांत अरब, ग्रीक, तुर्की व आर्मेनियन स्थलांतरितांच्या उपाहारगृहांतून हे नृत्य होत असे. तेथील नर्तकींकडून व ईजिप्शियन चित्रपटांवरून स्थानिक स्त्रिया ते शिकल्या. त्यांपैकी जमिला सलिमपूर (१९२६–२०१७) हिचे कार्य पायाभूत ठरले. ईजिप्तमध्ये मुली लहानपणापासून आई-मावश्यांना पाहून नाचू लागतात. त्यामुळे हालचालींना नावे देण्याची गरज तेथे भासली नव्हती. संस्काराविना येणाऱ्या प्रौढ विद्यार्थिनींसाठी जमिलाने हालचालींचे वर्गीकरण केले, त्यांना नावे दिली आणि बोटांतील झांजांच्या वादनाची पद्धत बसविली. १९६८ मध्ये तिने कॅलिफोर्नियात ‘बाल अनात’ हा नृत्यसमूह स्थापन केला. न्यूयॉर्कमध्ये इब्राहिम फर्रा (१९३९–९८) या नर्तक-शिक्षकाने अध्यापनाबरोबर अॅरबेस्क हे नियतकालिक चालविले.

१९७० च्या दशकात या छंदाची लाट आली. स्त्रीमुक्तीच्या चळवळीमुळे स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची स्त्रियांची दृष्टी बदलत होती. विशिष्ट वय, उंची वा बांधा यांची अट नसलेले हे नृत्य गृहिणी, नोकरदार व प्रौढ स्त्रियांनाही जवळचे वाटले. तथापि बाजारपेठेने जुनी प्रतिमा सोडली नाही. ओझेल तुर्कबाश या तुर्की नर्तकीची १९६९ च्या सुमारास निघालेली शिकवणीची ध्वनिमुद्रिका पतीला सुलतान बनविण्याचा मंत्र देणाऱ्या शीर्षकाने विकली गेली. नर्तकी स्वतःसाठी नाचते की पाहणाऱ्यासाठी, हा प्रश्न अशा रीतीने छंदाच्या प्रारंभापासूनच उपस्थित झाला होता. त्याचे एक उत्तर कॅरोलिना नेरिचिओ हिने सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ पासून विकसित केलेल्या समूहशैलीने दिले. या शैलीत ठराविक खुणांच्या आधारे नर्तकी एकत्रितपणे उत्स्फूर्त नृत्य करतात आणि नेतृत्व आळीपाळीने एकीकडून दुसरीकडे जाते. तिच्या पोशाखात भारतीय चोळीचा समावेश असून ‘चोळी’ हाच शब्द तेथील नर्तकींच्या बोलण्यात रूढ झाला आहे.

शिक्षण व प्रगती : हौशी शिक्षणाचा क्रम सामान्यतः शरीरापासून संगीताकडे जातो. गुडघे किंचित सैल, पाठीचा कणा ताठ पण न आवळलेला, अशी उभे राहण्याची रीत प्रथम शिकवितात. ती चुकल्यास कंबरेवर ताण पडतो. त्यानंतर नितंबांचे उचल व झटके, इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरणारी कंबर, छातीपासून पोटापर्यंत उतरणारी लहर, अखंड थरथर इ. हालचाली येतात. त्या सुटेपणाने साधल्यावर एकीवर दुसरी चढविणे, उदा., कंबरेची थरथर न मोडता चालणे, हा पुढील टप्पा होय.

खरी कसोटी त्यानंतर लागते. ईजिप्शियन ‘तब्ला’ हे चषकाकृती चर्मवाद्य भारतीय तबल्याहून वेगळे असले, तरी त्याचेही बोल आहेत : मध्यावरील घुमारदार ‘दुम’ आणि कडेवरील ‘तक’. ‘मक्सूम’ या तालाच्या आरंभी एकच दुम असतो, ‘बलदी’त आरंभीच दोन येतात, तर ‘सईदी’त दोन दुम मध्यावर लागोपाठ पडतात. हा भेद कानाने ओळखता येईपर्यंत शिकलेल्या हालचाली केवळ कवायत राहतात. ‘तक्सीम’ या तालमुक्त वाद्यवादनात तर नर्तकीस तालाचाही आधार नसतो. भारतीय श्रोत्यास आलापाची आठवण करून देणाऱ्या या भागात कानून, ऊद वा बासरीवर्गीय ‘नाय’ यांच्या सुरांचा माग काढीत तिला तत्क्षणी नृत्य रचावे लागते. संगीतातून कलावंत व श्रोते यांना येणाऱ्या तल्लीनतेस अरबीत ‘तरब’ म्हणतात. पाठ केलेली रचना बिनचूक करणारी विद्यार्थिनी आणि नर्तकी यांतील अंतर येथे कळून येते. गीतावर नाचावयाचे तर त्याचा अर्थही ठाऊक असावा लागतो. विरहगीतावर हसतमुखाने केलेले नृत्य अरब प्रेक्षकास विसंगत वाटते. म्हणूनच अनेक हौशी नर्तकी पुढे अरबी भाषा, तालशास्त्र व प्रादेशिक लोकनृत्ये यांच्या अभ्यासाकडे वळतात. वर्गातील सहाध्यायी व आप्तेष्ट यांच्यासमोर ‘हफला’ म्हणजे घरगुती मेळाव्यात केलेले सादरीकरण हे बहुतेकींचे पहिले व्यासपीठ असते, आणि अनेकींच्या दृष्टीने ते पुरेसेही असते.

आधुनिक काळ : रेदाच्या संस्थेतील माजी नर्तकी राकिया हसन हिने २००० मध्ये कैरोत ‘अहलन व सहलन’ हा महोत्सव सुरू केला. जगभरच्या हौशी व व्यावसायिक नर्तकी त्यानिमित्त ईजिप्शियन गुरूंकडे शिकू लागल्या. परदेशी नर्तकींची वाढती संख्या स्थानिकांना जाचक वाटून शासनाने २००३ मध्ये त्यांना परवाने नाकारले. २००४ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. भारतात या नृत्याची ओळख प्रथम हिंदी चित्रपटांनी करून दिली. शोले (१९७५) मधील हेलनचे नृत्य हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मुंबई, पुणे, दिल्ली यांसारख्या शहरांत एकविसाव्या शतकात त्याचे वर्गही सुरू झाले. चित्रपटांतून हे नृत्य बहुधा मद्यालय वा डाकूंचा तळ अशा पार्श्वभूमीवर आल्याने त्याच्या कौटुंबिक व सांगीतिक अंगांचा परिचय मात्र मागे पडला.

कारिन व्हान न्यूकर्क या डच मानवशास्त्रज्ञ महिलेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईजिप्शियन गायिका-नर्तकींचे स्वतःचे म्हणणे नोंदविले आहे. आपला व्यवसाय हा इतर कोणत्याही व्यवसायासारखाच असून आपण तो मुलाबाळांच्या पोटासाठी करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. एडवर्ड सैद या विचारवंताने १९९० मध्ये ताहिया कारिओकावर गौरवलेख लिहून तिला अरब संस्कृतीतील श्रेष्ठ कलावंतांत स्थान दिले. परंतु असा गौरव थोड्यांच्याच वाट्यास आला. परदेशी हौशी नर्तकी वर्गात जी लहर वा जो झटका गिरविते, तो मुहम्मद अली मार्गावरील किंवा बदिआच्या रंगमंचावरील एखाद्या स्त्रीने कमावलेला असतो. ज्या शिक्षिका तंत्राबरोबर या स्त्रियांची नावे व त्यांचे संगीतही शिकवितात, त्यांच्या हाती हा छंद कलेचा अभ्यास बनतो. एरव्ही तो व्यायामाचा एक प्रकार म्हणून उरतो.